उशिरा पोचणारी गोळी: फॉलिक ॲसिडविषयीच्या पुस्तिकेची प्रस्तावना

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत गरोदर बाईच्या हाती लाल गोळ्यांची पट्टी पडते, तेव्हा तिला सांगितले जाते की ही रक्तवाढीची गोळी. आशाताई तसे सांगतात, सासू तेच सांगते, आणि ते खरेही आहे. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. लोहाची ओळख सगळ्यांना आहे. शौचाला काळे होते, पोट जड होते, तोंडाला लोखंडी चव येते, म्हणून तरी त्याची आठवण राहते. दुसऱ्या घटकाचे नाव फारसे कोणी घेत नाही, कारण त्याचा शरीराला जाणवेल असा काहीच परिणाम होत नाही. त्याने जे साधायचे ते बाईला दिसत नाही, आणि न साधल्याची खूण सोनोग्राफीच्या पडद्यावर किंवा बाळंतपणाच्या खोलीतच कळते. ही पुस्तिका त्या दुसऱ्या घटकाविषयी आहे. पुढच्या पानांत त्याचे अन्नातले स्रोत, मात्रा, कोणी कधी घ्यावे हे तपशीलवार येईलच. त्याआधी मला एकच मुद्दा नीट मांडायचा आहे: आपल्या भागात फॉलिक ॲसिडचा तुटवडा ही मुख्य अडचण नाही. गोळी आहे, मोफत आहे, गावापर्यंत येते. पण ती उशिरा येते, आणि एकटी येते. या दोन दोषांमुळे तिचा सर्वांत मोठा फायदा आपल्या हातून निसटतो.

या जीवनसत्त्वाचा शोध लागला तो मुंबईत, हे फार थोड्या मराठी वाचकांना ठाऊक असते. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईला आली. गिरणगावातल्या गरीब बायांना गरोदरपणात एक जीवघेणा पंडुरोग होत असे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी कमी होत आणि उरलेल्या पेशी अवाजवी मोठ्या दिसत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना विल्सबाईंनी प्रथम जंतूंचा संशय घेतला, तो फोल ठरला. मग त्यांनी या बायकांच्या ताटाकडे पाहिले. फळे, पाला, दूध, मांस यांचा दुष्काळ असलेला आहार उंदरांना आणि माकडांना देऊन तसाच पंडुरोग निर्माण करता येतो, आणि यीस्टचा अर्क दिला की तो बरा होतो, हे त्यांनी दाखवले. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा निबंध आला. मार्माइट नावाचे स्वस्त, काळेशार, खारट यीस्टसत्त्व खाऊन मरणाच्या दारातल्या बायका उठून बसल्या होत्या. त्यांच्या निरीक्षणातली आणखी एक गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. त्या काळी दुसऱ्या एका पंडुरोगावर शुद्ध केलेल्या यकृतसत्त्वाचे इंजेक्शन हमखास लागू पडे; मुंबईच्या या रुग्णांना मात्र त्याने गुण येत नसे, यकृताचा कच्चा अर्कच लागे. म्हणजे दोन वेगळी द्रव्ये होती. त्यातले एक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. १९४१ मध्ये अमेरिकेत काही टन पालकातून ते वेगळे काढण्यात आले आणि १९४५ मध्ये मूळच्या भीमावरमच्या, पुढे अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केले. दुसरे द्रव्य १९४८ साली हाती लागले, ते जीवनसत्त्व ब-१२. ही दोघे सुरुवातीपासून एकमेकांच्या सावलीत आहेत, आणि एकाचा विचार दुसऱ्याला सोडून केला की काय होते ते पुढे येईल.

फॉलिक ॲसिडचे काम पेशी वाढवण्याचे. पेशीचे दोन भाग होण्याआधी तिच्यातल्या डीएनएची नवी प्रत तयार व्हावी लागते, आणि त्या प्रतीचे काही घटक फोलेटशिवाय बनत नाहीत. रक्त सतत नवे होत असते, म्हणून तुटवडा आधी रक्तात दिसतो. पण माणसाच्या आयुष्यात पेशी सर्वांत वेगाने वाढतात त्या गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत. तेव्हा गर्भाच्या पाठीवर एक सपाट पट्टी असते. तिच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींना भिडतात आणि एक नळी तयार होते. हीच मज्जानलिका, पुढे तिचाच मेंदू आणि मज्जारज्जू होतो. गर्भधारणेपासून साधारण अठ्ठावीसाव्या दिवसापर्यंत ती दोन्ही टोकांना बंद झालेली असते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदूचा आणि कवटीचा वरचा भाग बनतच नाही आणि ते बाळ जगत नाही. खाली कुठे उघडे राहिले तर पाठीच्या कण्यावर गाठ किंवा जखम घेऊन बाळ जन्माला येते. त्याला स्पायना बायफिडा म्हणतात. अशा मुलांना शस्त्रक्रिया लागते, अनेकांना पायांत ताकद नसते, लघवी-शौचावर ताबा नसतो, डोक्यात पाणी साठते. भारतात हजार बाळंतपणांमागे साधारण चार गर्भांत असा दोष आढळतो असे वेगवेगळ्या अभ्यासांचे एकत्रित अंदाज सांगतात. युरोपातल्या कित्येक देशांपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त आहे.

हा दोष गोळीने टळतो, याचा पुरावा आरोग्यशास्त्रातल्या भक्कम पुराव्यांपैकी आहे. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष जाहीर केला. ज्या स्त्रियांचे आधीचे मूल या दोषाचे होते, त्यांना पुढच्या गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. पुढच्याच वर्षी हंगेरीतून उत्तर आले ते आधी असे मूल न झालेल्यांसाठी: जीवनसत्त्वे घेतलेल्या २,१०४ स्त्रियांत एकही दोष नाही, न घेतलेल्या २,०५२ मध्ये सहा. चीनमध्ये तर रोज फक्त ४०० मायक्रोग्रॅमवर, जिथे दोषाचे प्रमाण मुळातच जास्त होते त्या उत्तरेकडच्या भागात, तीन चतुर्थांशांहून अधिक दोष टळले. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही असा प्रयोग मांडला होता. ब्रिटनचा निकाल आल्यावर तो मध्येच थांबवावा लागला, कारण गुणकारी ठरलेले औषध निम्म्या स्त्रियांना नाकारणे योग्य नव्हते. तोवर गोळी घेणाऱ्यांत दोष पुन्हा होण्याचे प्रमाण २.९२ टक्के आणि न घेणाऱ्यांत ७.०४ टक्के आढळले. प्रयोग अपुरा राहिल्याने संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक पुरता उतरला नाही, पण त्याची दिशा बाहेरच्या पुराव्याशी जुळणारीच होती. या सगळ्या प्रयोगांत एक अट समान आहे. गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून सुरू होती.

आता आपल्या घरांतला कालक्रम पाहू. गर्भधारणा झाल्यावर पाळी चुकते ती साधारण चौदा दिवसांनी. मज्जानलिका बंद होण्याची मुदत अठ्ठावीस दिवसांची. म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात आलेल्या क्षणापासून बाईच्या हातात फक्त दोन आठवडे उरतात. त्या दोन आठवड्यांत आपल्याकडे काय घडते? पहिला आठवडा वाट पाहण्यात जातो. उन्हाने, कामाने, उपवासाने पाळी पुढे गेली असेल असे वाटते. मग चाचणी होते, नवऱ्याला कळते, सासूला कळते. दिवस गेल्याचे तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगू नये, नजर लागते, अशी बऱ्याच घरांत रीत आहे. अशा घरांत नोंदणी होते ती त्यानंतर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात सुमारे ७० टक्के मातांनी पहिल्या तीन महिन्यांत तपासणी करून घेतल्याचे आढळले. हा आकडा चांगला आहे, आणि त्यामागे आशा व परिचारिकांचे कष्ट आहेत. पण बाराव्या आठवड्यात नाव नोंदवलेली बाईही आपल्या मुद्द्यापुरती उशिराच आलेली असते. तिला मिळालेली लाल गोळी तिचे रक्त राखेल, तिचा जीवही वाचवेल, पण मज्जानलिकेचा निकाल तोवर लागून गेलेला असतो. सरकारी धोरणाला हे ठाऊक नाही असे नाही. ‘ॲनिमिया मुक्त भारत’च्या २०१८ च्या सूचनांत गर्भधारणेच्या आधीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडचा सल्ला स्पष्ट लिहिलेला आहे. पण गर्भ राहण्याआधी ही बाई आरोग्य व्यवस्थेच्या कोणत्या खिडकीसमोर उभी असते? बहुतेक वेळा कोणत्याच नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मनापासून घेतला जातो म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. आपण बाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, हरभरा, मेथी, शेपू, चाकवत, तांदुळजा खाणारी माणसे. पाल्यात आणि कडधान्यात भरपूर असलेल्या द्रव्याची गोळी आम्हाला कशाला? आक्षेपात तथ्य आहे. हरभऱ्याच्या डाळीत १०० ग्रॅममागे दीडशे मायक्रोग्रॅमहून अधिक फोलेट असते, पालकातही त्याच्या आसपास. ज्वारी-बाजरीत तीस-चाळीस, तर पॉलिशच्या तांदळात जेमतेम दहा. भाकरी आणि उसळीचे ताट या बाबतीत भाताच्या ताटापेक्षा खरोखर सरस आहे, आणि शिरूरच्या कोरडवाहू पट्ट्याने बाजरी सोडू नये असे मला मनापासून वाटते. पण फोलेट पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नासते. अंबाडी उकडून, आंबटपणा जावा म्हणून हाताने घट्ट पिळून हिरवट पाणी मोरीत ओतले जाते, तेव्हा भाजीतल्या फोलेटचा मोठा वाटा त्या पाण्याबरोबर जातो. जे उरते त्यातलेही सगळे आतड्यातून शोषले जात नाही. गोळीतले जवळपास पूर्ण शोषले जाते. शिवाय पाल्याला हंगाम असतो. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात रानभर असणारी भाजी मे महिन्यात आठवडी बाजारातही महाग होते, आणि गर्भ राहायला हंगाम नसतो. आयर्लंडमधल्या संशोधकांनी १९९६ साली दाखवले की फोलेट भरपूर असलेले नैसर्गिक अन्न वाढवून खाणाऱ्या स्त्रियांच्या तांबड्या पेशींतले फोलेट फारसे वाढले नाही. गोळी किंवा पोषणतत्त्व मिसळलेले अन्न घेणाऱ्यांचे वाढले.

याच आक्षेपाचा एक जास्त अभ्यासू अवतार आहे, आणि तो पुणे जिल्ह्यातूनच येतो. के.ई.एम. रुग्णालयाचे शिरूर तालुक्याशी जुने नाते आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी वढू बुद्रुकला गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचे काम उभे केले, आणि पुढे तिथे लोकसंख्येच्या आरोग्याची सातत्याने नोंद ठेवणारे संशोधनही वाढले. याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. अवर्षणप्रवण शेतीची गावे, गर्भारपणाआधी सरासरी ४२ किलोंच्या आसपास वजनाच्या बायका, सरासरी २,६६५ ग्रॅमची बाळे. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या मातांची बाळे अंगाने भरलेली होती, असे त्यात दिसले. तांबड्या पेशींतले फोलेट जास्त असलेल्या मातांचीही. पण रक्त तपासल्यावर संशोधकांना वेगळेच चित्र दिसले. शेकडो मातांपैकी केवळ एकीच्या तांबड्या पेशींत फोलेटची कमतरता निघाली, आणि ब-१२ ची कमतरता मात्र दोन तृतीयांश मातांत. म्हणजे आमच्या बायकांत फोलेट कमी नाहीच, मग हा सगळा आटापिटा कशासाठी, असे कोणी विचारले तर? उत्तर मोजपट्टीत आहे. ज्या पातळीखाली ‘कमतरता’ म्हणतात ती पातळी पंडुरोग टाळण्यासाठी ठरवलेली आहे. मज्जानलिकेच्या रक्षणासाठी लागणारी पातळी कितीतरी वर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये समाजातल्या प्रजननक्षम स्त्रियांसाठी ती तांबड्या पेशींत मिलिलिटरला ४०० नॅनोग्रॅम अशी सांगितली. रक्तापुरते फोलेट असलेली बाई गर्भापुरत्या फोलेटची असेलच असे नाही. त्यात ही तपासणी गर्भारपणाच्या मध्यावरची, म्हणजे सरकारी गोळ्या घरात येऊ लागल्यानंतरच्या काळातली. पहिल्या चार आठवड्यांविषयी ती काही सांगू शकत नाही.

पण त्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही, कारण तोच आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. मुले सहा वर्षांची झाल्यावर ती पुन्हा तपासली गेली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या मातांचे गरोदरपणातले फोलेट जास्त होते त्यांच्या मुलांत चरबी जास्त आणि इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त. त्यातही ज्यांचे फोलेट जास्त आणि ब-१२ कमी, त्यांच्या मुलांत ही प्रवृत्ती सर्वाधिक. ही प्रवृत्ती मधुमेहाकडे नेणाऱ्या वाटेवरची असते. असे का व्हावे याचे जीवरसायनशास्त्रातले एक स्पष्टीकरण आहे. शरीरात फिरणारे फोलेट एका विशिष्ट रूपात असते. त्यावरचा एक छोटा रासायनिक भार ब-१२ ने उतरवून घेतला तरच ते पुढच्या कामाला मोकळे होते. ब-१२ नसेल तर गव्हाणीवर नंबर न लागलेल्या उसाच्या ट्रॉल्या कारखान्याच्या आवारात उभ्या राहाव्यात तसे फोलेट साठून राहते. मोजायला गेले तर माल भरपूर, आत गाळप मात्र थांबलेले. त्यात आणखी फोलेट ओतल्याने अडचण सुटत नाही. उलट रक्तातला दोष काही काळ झाकला जातो आणि ब-१२ अभावी मज्जातंतूंना होणारी इजा चालूच राहते.

यावरून काही डॉक्टर आणि बरेच सुशिक्षित पालक ‘मग फॉलिक ॲसिड नकोच’ असा निष्कर्ष काढतात. तो मला चुकीचा वाटतो, आणि का ते सांगतो. पुण्याचा अभ्यास निरीक्षणाचा आहे. त्यात दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एकीमुळे दुसरी झाली हे त्याने सिद्ध होत नाही; मज्जानलिकेविषयीचे पुरावे मात्र प्रत्यक्ष प्रयोगांचे आहेत. जन्मजात अपंगत्व टाळण्याचा सिद्ध उपाय एका शक्यतेपोटी सोडून देणे हा न्याय नव्हे. त्या अभ्यासाने खरे दाखवले ते हे, की आपल्याकडे फॉलिक ॲसिडला ब-१२ ची जोड हवी. याज्ञिक यांच्याच गटाने पुढचे पाऊल त्या दिशेने टाकले: त्याच गावांत जन्मलेली मुले-मुली वयात आल्यावर २०१२ पासून त्यांना रोज ब-१२ ची अगदी छोटी, आहारात असावी तेवढीच मात्रा देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो हे तपासायला घेतले. ब-१२ येते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. पाल्यात आणि कडधान्यात ते नसते. माळकरी घरात अंडे येणार नाही, आणि ते यावे असा आग्रह धरण्याचा कोणाला अधिकारही नाही. पण दूध येते का, हा प्रश्न विचारायलाच हवा. दोन्ही तालुक्यांत गावोगाव दूध संकलन केंद्रे आहेत. सकाळी किटल्या तिकडे जातात आणि गोठ्यात दिवसभर राबणाऱ्या सुनेच्या वाट्याला पुष्कळदा चहापुरते दूध उरते. रोज वाटीभर दही किंवा पेलाभर दूध तिच्यासाठी बाजूला काढणे हा फॉलिक ॲसिडच्या उपचाराचाच भाग आहे, असे ही पुस्तिका मानते.

मात्रेबद्दलही याच ठिकाणी बोलले पाहिजे. औषधांच्या दुकानात फॉलिक ॲसिड मागितले की सहसा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात येते. सर्वसाधारण तरुणीला लागणाऱ्या मात्रेच्या ती बारा पटींहून अधिक आहे. आधीचे मूल मज्जानलिकेच्या दोषाचे असेल, किंवा फेफऱ्याची काही औषधे चालू असतील, तर डॉक्टर मोठी मात्रा देतात आणि ती दिलीच पाहिजे. अशा बाईने स्वतःहून ती कमी करू नये. पण इतर सगळ्यांसाठी ‘जास्त घेतले तर जास्त चांगले’ हा हिशेब इथे लागू नाही. प्रौढांसाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा १ मिलिग्रॅम धरली जाते. ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मागून घ्यावी, दुकानात नसेल तर मागवायला लावावी.

दुसरा आक्षेप धोरणाच्या बाजूने येतो: रेशनच्या तांदळातच हे सगळे मिसळण्याची योजना आली, मग वेगळ्या गोळीची गरज काय? स्वातंत्र्यदिनी २०२१ मध्ये या तांदळाची घोषणा झाली. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ मिसळून दाण्यासारखे दाणे पाडायचे आणि साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात टाकायचे, अशी ती पद्धत. ब-१२ सोबत आहे ही त्यातली फार चांगली गोष्ट. हे दाणे किंचित वेगळ्या रंगाचे दिसतात, पाण्यावर तरंगतात, म्हणून प्लास्टिकचा तांदूळ म्हणून ते निवडून टाकले जातात. तो गैरसमज मात्र दूर व्हायलाच हवा. पण हिशेब करून पाहा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या प्रमाणानुसार अशा तांदळाच्या एका किलोत ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या बाईला त्यातून दहा ते वीस मायक्रोग्रॅम मिळतील. तिला हवेत ४००. अमेरिकेने १९९८ पासून सक्तीने पिठात जे मिसळले ते किलोला १,४०० मायक्रोग्रॅम, आणि तिथे या दोषाचे प्रमाण खरोखर घटले. आपला तांदूळ त्याच्या दशांशही नाही. त्यात शिरूर-दौंडची मुख्य भूक भाकरी-चपातीची. ज्वारी, बाजरी, गहू डब्यात भरून गावच्या गिरणीवर जातो आणि समोर दळून घरी येतो. पिठात काही मिसळायला मोठा कारखाना मध्ये येतच नाही. पाश्चात्त्य देशांत पीठ चार-दोन मोठ्या गिरण्यांतून सर्वांपर्यंत जाते, म्हणून तिथे जे सोपे झाले ते इथे तसेच्या तसे होणार नाही. सांगलीत काही डॉक्टरांनी यावर एक कल्पक वाट शोधली. त्यांनी ४३ तरुणींपैकी बहुतेकींना दोन महिने फोलेट आणि ब-१२ घातलेल्या चहाच्या पुड्या दिल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार दोन्ही जीवनसत्त्वांची पातळी वाढली, हिमोग्लोबिनही वाढले. प्रयोग लहान आहे, त्यावर धोरण उभे करता येणार नाही. तरी ज्या पेयाशिवाय आपल्याकडे पाहुणाही उठत नाही त्याकडे कोणी या नजरेने पाहिले, ही मला आशेची गोष्ट वाटते.

शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी हा तिसरा आधार सांगितला जातो. ती चांगलीच आहे. पण तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते आणि ती आठवड्यातून एकदा घ्यायची. पाळी येणाऱ्या मुली-बायकांच्या आठवडी गोळीत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेले प्रमाण २,८०० मायक्रोग्रॅम आहे. रक्तासाठी आपली गोळी ठीक, मज्जानलिकेसाठी ती अपुरी. आणि मुलगी दहावी-बारावीनंतर शाळेबाहेर पडली, रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात लागली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, की ही आठवडी साखळीही तुटते. कागदोपत्री वीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांसाठीही आठवडी गोळी आहे. प्रत्यक्षात तिच्यासाठी कोणी दार ठोठावत नाही.

हृदयविकार, स्मरणशक्ती, केस, वंध्यत्व अशा अनेक गोष्टींसाठी फॉलिक ॲसिडची जाहिरात होते. त्यातल्या बहुतेकांना आधार तोकडा आहे. चीनमध्ये उच्च रक्तदाबाच्या वीस हजारांहून अधिक रुग्णांत, रक्तदाबाच्या गोळीला फॉलिक ॲसिडची जोड दिल्यावर पक्षाघात सुमारे पाचव्या हिश्शाने कमी झाला, असे २०१५ मध्ये दिसले; हृदयविकारावरच्या इतर मोठ्या प्रयोगांत मात्र असा लाभ आढळला नाही. कर्करोगाची भीतीही अधूनमधून बोलून दाखवली जाते. सुमारे पन्नास हजार लोकांवरच्या प्रयोगांची एकत्रित तपासणी २०१३ मध्ये झाली, तिच्यात तसा धोका दिसला नाही. या पुस्तिकेने या बाजूला फारशी पाने दिलेली नाहीत, आणि ते योग्यच झाले.

आमच्या आजीला कुठे गोळी होती, हा आक्षेप मला सर्वांत दुखावणारा वाटतो, कारण त्यात विसर आहे. आजीच्या काळात असे बाळ जन्मले तर त्याची नोंद होत नसे, त्याला नाव मिळत नसे, आणि दोष आईच्या पदरात टाकला जाई: ग्रहणात भाजी चिरली असेल, बाहेर पडली असेल, अमुक खाल्ले असेल. हे आजही पूर्ण थांबलेले नाही. ग्रहणाचा या नळीशी काही संबंध नाही. आणि गोळीचे महत्त्व सांगताना आपण त्या जुन्या आरोपाची नवी आवृत्ती काढू नये, ही खबरदारी आशाताईंनी आणि शिक्षकांनी घ्यावी अशी माझी विनंती आहे. गोळीने सर्व दोष टळत नाहीत. सर्वांत चांगल्या प्रयोगातही काही बाळे सुटली नाहीत. ज्या आईने गोळी घेतली नव्हती ती दोषी नाही, कारण तिला वेळेवर कोणी दिलीच नव्हती.

मग वेळेवर द्यायची कोणी आणि कुठे? नवी यंत्रणा उभारावी लागेल असे मला वाटत नाही. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात पात्र जोडप्यांची नोंद असतेच, पण ती उघडली जाते कुटुंब नियोजनासाठी. त्याच यादीतल्या नव्या जोडप्याला ‘मूल हवे असेल तेव्हा तीन महिने आधीपासून ही रोज एक’ एवढे सांगून पट्टी देता येते. नवी सून अशा विषयावर बोलत नाही ही खरी अडचण. पण साताऱ्याच्या जिल्हा परिषदेने २००७ मध्ये पहिले मूल उशिरा होऊ देणाऱ्या नवदांपत्यांना प्रोत्साहन देण्याची योजना काढली होती, तेव्हा गावागावांतल्या नवविवाहितांशी आरोग्य कर्मचारी याच विषयावर बोलले. ऊसतोडीच्या टोळ्यांचा प्रश्न वेगळा आहे. भीमाकाठी दिवाळीच्या सुमारास येऊन उन्हाळा लागेपर्यंत पालांवर राहणाऱ्या बायका ना गावच्या आशाताईच्या यादीत असतात ना इथल्या. त्यांच्यासाठी पट्टी गावातून निघतानाच पूर्ण हंगामाची द्यावी लागेल, किंवा कारखान्याच्या गटकार्यालयात ठेवावी लागेल. उरलेल्यांसाठी एक साधी जागा आहे. गावात लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत होते, आणि रेशनकार्डात नाव घालण्यासारख्या कामांना त्या नोंदीचा दाखला लागतो, म्हणून नवी जोडपी ग्रामपंचायतीत स्वतःहून येतात. दाखल्याबरोबर ४०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांची तीन महिन्यांची पाकिटे, ब-१२ सह, आणि या पुस्तिकेचे पहिले पान द्यायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. शिरूर आणि दौंडच्या पंचायत समित्यांनी येत्या लग्नसराईच्या आधी तसा ठराव करावा.